हिरव्या इंजिनाचा भुगा

"मी माफी मागणार नाही." उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधीच बाई म्हणाल्या. "हे आधी सांगून टाकते. माफी मागून मोकळ्या व्हा, असा सल्ला द्यायचा असेल तर मी इथूनच परत फिरते."

रविवारची सकाळ होती. भावजींनी नुकतंच वर्तमानपत्र उघडून शब्दकोड्याची घडी घातली होती. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "माफीचा सल्ला मी अजून कोणाला दिलेला नाही. आमच्या भावजींनासुद्धा नाही, आणि त्यांच्यावर ती वेळ रोज येते."

वहिनींनी बावीस वर्षं एका विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि आपटलेल्या मोटारी तपासण्यात घालवली होती. खोटं बोलताना माणूस आधी कुठे बघतो, यावर त्यांचा दांडगा अभ्यास होता. नऊ वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यांनी पुढच्या खोलीत खासगी तपासाचा धंदा मांडला. भावजी त्यांचे धाकटे दीर. त्यांची उभी हयात टपाल खात्यात पत्रं निवडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर वहिनींना मदत करायचं ठरलं, म्हणजे वहिनींनी ठरवलं आणि भावजींनी मान डोलावली.

आलेल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. अंगानं काटक, बोटांच्या पेरांत काळ्या रेघा बसलेल्या. गळ्यात काळ्या दोऱ्याला पितळेची एक किल्ली होती.

"मला चावीबाई म्हणतात," त्या म्हणाल्या. "चावीची आगगाडी अडली की लोक माझ्याकडे आणून टाकतात, म्हणून."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि भराभर सांगितलं.

बाविसाव्या वर्षी त्या साहेबांच्या घरी पितळ पुसायच्या कामाला लागल्या. साहेबांना जुन्या धातूच्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवायचा नाद होता. पत्र्याच्या, पितळेच्या, ओतीव जस्ताच्या. बाई पुसता पुसता त्या उघडायला शिकल्या, उघडता उघडता दुरुस्त करायला. चाळीस वर्षांत गाड्या दोनशे तेरा झाल्या. चार महिन्यांपूर्वी साहेब गेले. मृत्युपत्रात त्यांनी गाड्या आणि गाड्यांची खोली चावीबाईंच्या नावे केली होती, पण एका अटीवर. संग्रह अख्खा राहिला पाहिजे. बाईंच्या हेळसांडीनं एक जरी गाडी नष्ट झाली तरी सगळं साहेबांच्या मुलाकडे जाणार.

"आणि एक नष्ट झाली," वहिनी म्हणाल्या.

"हिरवं इंजिन. सगळ्यांत मोलाचं." चावीबाईंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "काल मोजणीसाठी पारखी आला. लिलावाच्या कंपनीचा माणूस. कपाटाचा पडदा सारला तर इंजिनाचा मागचा भाग फुटून भुगा झालेला. पारखी म्हणाला, जस्ताचा रोग. जुन्या ओतीव जस्तात शिशाची भेसळ असली की धातू आतून फुगतो, तडकतो आणि कणीकणीनं गळतो. हे खरं आहे, मीही पाहिलंय. पण माझ्या इंजिनाला तो रोग नव्हता! चाळीस वर्षं मी त्याला हाताळलंय. तसलं काही असतं तर मला कळलं नसतं?"

"मग मुलगा काय म्हणतो?"

"उद्या अकरा वाजेपर्यंत माझ्याकडून हेळसांड झाली असं लिहून द्या, झाल्या प्रकाराची माफी मागा, आणि खोली सोडा. नाहीतर तो कोर्टात ओढणार. लिहून दिलं तर राहायला मागची खोली देतो म्हणाला." त्यांनी मान ताठ केली. "मला मागची खोली नको. मला माझं नाव हवंय."

भावजींना वाटलं, बाई बिचाऱ्या दुःखानं भांबावल्यात. जुनी वस्तू आहे, कधीतरी मोडायचीच. पण वहिनींनी पायांत चपला सरकवल्या होत्या, आणि एकदा चपला सरकल्या की विषय संपला.

वाटेत वहिनींनी विचारलं, "कपाट शेवटचं उघडलं कधी?"

"गुरुवारी संध्याकाळी. मास्तर आले होते. साहेबांचे जुने मित्र, चित्रकला शिकवायचे. दर गुरुवारी येतात, तासभर गाड्यांसमोर बसतात. साहेब असल्यापासूनचा रिवाज आहे."

"रिकाम्या हातानं येतात?"

"छे. दुरुस्तीला काहीतरी आणतातच. गुरुवारी बुटांच्या खोक्यात कापूस भरून एक तडकलेला मालडबा आणला होता. चाक अडत होतं. मी चिमट्यानं सरळ करून दिलं, पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात खालून त्या चिरंजीवांनी हाक मारली, तोच माफीचा, म्हणजे तेव्हा नुसता खोली सोडण्याचा कागद घेऊन. वीस मिनिटं आमचं वाजलं. वर आले तेव्हा माझं डोकं तापलेलं. मास्तर निघायच्या बेतात होते. कपाट लावून पडदाही ओढून ठेवला होता त्यांनी, उन्हानं रंग उडतो ना. मी नुसती किल्ली फिरवली."

"दुसरी किल्ली?"

"चिरंजीवांच्या टेबलाच्या खणात."

भावजींनी वहीत 'खण' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्यांच्या मते प्रकरण तिथेच मिटलं होतं.

गाड्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. तीन भिंतींना काचेची कपाटं, चौथ्या भिंतीला खिडकी आणि खिडकीखाली चावीबाईंचं कामाचं टेबल. टेबलावर चिमटे, ब्रश, तेलाची बारक्या चोचीची कुपी आणि चाकांनी भरलेला एक ट्रे. भावजींनी सहज एक चाक उचललं, तर ते त्यांच्या बोटांत बिस्किटासारखं भुगा झालं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"असू दे हो," चावीबाई म्हणाल्या. "ते मेलं बारा वर्षं तिथेच पडलंय. टाकेन टाकेन म्हणते आणि राहतं."

भावजींनी हात विजारीला पुसले आणि बाकीच्या चकचकीत चाकांपासून चार पावलं लांब जाऊन उभे राहिले.

पारखी मधल्या कपाटासमोर कॅमेरा घेऊन उभा होता. तिशीतला, हातात पांढरे मोजे. त्यानं नमस्कार केला आणि सरळ बोलला. "बाईंचं दुःख मला कळतं. पण हा रोगच आहे. मी ते इंजिन आधी कधी पाहिलं नव्हतं, फक्त साहेबांनी पाठवलेला फोटो पाहिला होता. साचा तोच, रंग तोच, क्रमांकाची पट्टी तीच."

आजारी इंजिन मधल्या फळीच्या अगदी डाव्या कोपऱ्यात होतं, एकटं. त्याच्या उजवीकडे वीतभर जागा मोकळी, मग पुढच्या गाड्या. पुढचा भाग शाबूत, पण जाळीसारख्या बारीक तडा गेलेल्या. मागचा भाग तीन-चार ढेकळांत पडलेला.

"हे इथे नसतं," चावीबाई म्हणाल्या. "हे मधोमध असतं. ह्याचे दोन निळे डबे ह्याला जोडून उभे असतात. काल पडदा सारला तेव्हा डबे खालच्या फळीवर होते. मी हलवले नाहीत."

"फळी आज कोणी पुसली?" वहिनींनी विचारलं.

"कालपासून कोणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही," पारखी म्हणाला. "माझा अहवाल पुरा व्हायचाय."

वहिनी वाकून फळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. भावजींनीही बघितलं. ढेकळं होती आणि पांढरी स्वच्छ फळी होती. बघण्यासारखं काही नव्हतं.

इंजिन किती मोठं ते कळावं म्हणून पारख्यानं खालच्या फळीवरचा एक निळा डबा काढला, आजारी इंजिनाला खेटून ठेवला, फोटो घेतला आणि डबा पुन्हा खाली ठेवला. वहिनींनी पर्समधून पांढरा रुमाल काढला, त्याचं टोक पिळून इंजिनाच्या पोटातल्या दातेरी चाकांमध्ये हलकेच फिरवलं. रुमालावर गंजाचा तांबूस डाग आला. मग त्यांनी शेजारच्या काळ्या इंजिनाच्या पोटात रुमालाचं दुसरं टोक घातलं. ते तेलानं काळंभोर होऊन बाहेर आलं.

"महिन्यातून एकदा प्रत्येकाला तेल," चावीबाई म्हणाल्या. "चावी द्यायची, दोन फेऱ्या पळू द्यायचं आणि स्प्रिंग पूर्ण सैल करून ठेवायचं."

"दोनशे तेरांना?" भावजी थक्क झाले.

"कपाळावर हात कशाला मारता? रोज सात, कपाटांच्या पाळीनं. शुक्रवारी पलीकडच्या कपाटाची पाळी होती, म्हणून हे उघडलं नाही."

इतक्यात चिरंजीव वर आले. पन्नाशीचे, गोरेगोमटे, घाईत असलेले. हातात कॉफीचा कप. बोलता बोलता त्यांनी तो कप कपाटात, दोन गाड्यांच्या मधे ठेवला. चावीबाईंनी पुढे होऊन तो उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"हे बघा," चिरंजीव वहिनींना म्हणाले, "मला बाईंशी वैर नाही. पण इंजिन गंजलं ही वस्तुस्थिती आहे."

"गंज नाही रे तो," चावीबाई म्हणाल्या. "गंज लोखंडाला येतो."

"जे काय असेल ते. गंजलं, सडलं. आणि ह्यांना ते माहीत होतं. नाहीतर डबे लांब कशाला ठेवले? नासकं आधीच दिसलं, म्हणून बाकीचं बाजूला काढलं आणि पडदा ओढून गप्प बसल्या. हे मी नाही, काल संध्याकाळी मास्तरच म्हणाले. मलासुद्धा डबे हलवण्याचा अर्थ कळला नव्हता."

"मास्तर म्हणाले?" चावीबाई मटकन स्टुलावर बसल्या.

"अगदी वाईट वाटून म्हणाले. 'बाई घाबरल्या असतील,' म्हणाले."

"गाड्या तुमच्याकडे आल्या तर काय करणार?" वहिनींनी विचारलं.

"विकणार. लपवण्यासारखं काय आहे? पत्र्याच्या खेळण्यांसाठी एवढी मोठी खोली अडवायची हौस मला नाही."

जिना उतरताना भावजी कुजबुजले, "हाच. किल्ली ह्याच्याकडे, फायदा ह्याचा. हातोडीनं फोडलं असेल."

"हातोडीनं तडांची जाळी पडत नाही, भावजी. ती वर्षानुवर्षं पडते."

"मग रोगच म्हणायचा?"

"रोग आहेच. कोणाला आहे, एवढंच बघायचंय."

भावजींना उत्तर कळलं नाही. त्यांनी ते तसंच वहीत लिहून घेतलं.

मास्तरांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एकट्या माणसाची, पण टापटीप. भिंतीवरच्या फळीवर अकरा गाड्या, प्रत्येकीखाली कापडाचा तुकडा. मास्तर सत्तरीचे, मऊ आवाजाचे. त्यांनी पाहुण्यांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "ते हिरवं इंजिन मीच शोधलं होतं, माहितीये? भंगारवाल्याकडे, जुन्या कुलपांच्या ढिगात. मी तेव्हा नोकरीला लागलोही नव्हतो. साहेबांना दाखवायला नेलं आणि ते त्यांच्याकडेच राहिलं."

"मागितलं नाहीत परत?"

"मित्राकडे कसलं मागायचं? ते म्हणायचे, शेवटी तुझंच आहे." मास्तर हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मृत्युपत्रात लिहायचं राहिलं असेल. बाई बऱ्या आहेत. हात बरा आहे त्यांचा. पण शेवटी कामाला होत्या. वस्तू सांभाळायची म्हणजे नुसतं पुसायचं नसतं."

भावजी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या बाहेर, गजांपलीकडच्या कठड्यावर एक काचेची बरणी होती. झाकण घट्ट, वरून मेण लावलेलं. आत तडकलेला एक छोटा मालडबा. बाकीच्या गाड्या फळीवर थाटात आणि हा बिचारा उन्हात. भावजींना त्याची दया आली.

"तो मेणबंद बरणीतला डबा खिडकीबाहेर का हो?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

"बिघडलाय जरा," मास्तर म्हणाले आणि विषय बदलून वहिनींना कॉफी विचारली.

वहिनी नको म्हणाल्या. घरात शिरल्यावर एवढंच म्हणाल्या, "भावजी, आज तुम्ही पाणी प्यायलात ते फार चांगलं केलंत."

सोमवारी अकराच्या ठोक्याला सगळे गाड्यांच्या खोलीत जमले. चिरंजीवांनी माफीचा कागद टेबलावर ठेवून त्यावर पेन आडवं ठेवलं होतं. चावीबाई खिडकीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. मास्तर वहिनींच्या निरोपावरून आले होते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले होते.

"सही करा, म्हणजे आपण सगळे मोकळे," चिरंजीव म्हणाले.

"कागद फाडायचा असेल तर सांग, लगेच मोकळा करते," चावीबाई म्हणाल्या.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "पारखीसाहेबांचा अहवाल झालाय. आता हा भुगा आणि त्याचे डबे एकत्र बांधून ठेवू. भावजी, ते खोकं घ्या. इंजिनाची ढेकळं आधी घाला, त्यावर ते दोन निळे डबे. एकाच कापसात गुंडाळा, घट्ट."

पारखी मान डोलावून बाजूला झाला. चिरंजीवांनी घड्याळ पाहिलं. चावीबाई जागच्या हलल्या नाहीत. भावजींनी ढेकळं खोक्यात ओतली आणि पहिला निळा डबा उचलून त्यांवर टेकवला.

"अहो, काय करताय!" मास्तर खुर्चीतून उठून धावत आले आणि त्यांनी भावजींच्या हातून डबा हिसकावला. "त्याला लागण होईल! आजारी गाडीजवळ चांगली गाडी ठेवतात का कधी?"

मास्तर डबा छातीशी धरून उभे होते. आपण काय केलं ते त्यांना हळूहळू कळत होतं.

"ठेवत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही ठेवत नाही. बसा, मास्तर. डबा राहू दे तुमच्याकडेच."

त्या टेबलाच्या कडेला टेकल्या.

"हे इंजिन इथे सडलेलं नाही. ओतीव जस्त आतून फुगतं तेव्हा वरचा रंग आधी सुटतो. पोपडे पडतात, बारीक पूड पडते. हे जर ह्या फळीवर फुटलं असतं तर फळी हिरवी झाली असती. फळीला कोणी हात लावला नव्हता, आणि तिथे एक पोपडा नव्हता. म्हणजे ह्याचे पोपडे दुसरीकडे कुठेतरी पडलेत. दुसरं, ह्याच्या पोटात तेलाचा थेंब नाही, नुसता गंज. शेजारचं इंजिन तेलानं थबथबलेलं. जी बाई दोनशे बारांना दर महिन्याला तेल घालते ती सगळ्यांत मोलाच्या एकालाच विसरेल? चावीबाई खरं बोलत होत्या. त्यांच्या इंजिनाला रोग नव्हता, कारण हे त्यांचं इंजिन नाही. कोणीतरी त्याच साच्याचं, आधीच मेलेलं इंजिन आणून इथे ठेवलं आणि चांगलं घेऊन गेलं. चोरी झाली हे कोणाला कळणारच नव्हतं. सगळे रोगाला दोष देणार आणि बाईंना."

"पण डबे?" चिरंजीव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "डबे बाजूला कोणी ठेवले?"

"तोच तर सगळा घोळ आहे. चोरानं ते ठेवायला नको होते. इंजिन मधोमध ठेवून डबे जोडून दिले असते तर मी इथे काय करणार होते? पण त्याला ते जमलं नाही. हा रोग शेजारच्या गाडीला लागतो असं काही जुन्या संग्राहकांना वाटतं. खरं काय, पारखीसाहेब?"

"लागत नाही," पारखी म्हणाला. "दोष ओतकामातच असतो. पण मानणारे मानतात. काही जण तर आजारी गाडी घरातसुद्धा ठेवत नाहीत."

"तुम्ही मानत नाही, ते मी काल पाहिलं. फोटोसाठी तुम्ही निळा डबा ह्याला खेटून ठेवलात. चिरंजीवांना तर गंज आणि रोग यांतला फरकही ठाऊक नाही, ते गाड्यांच्या मधे कॉफीचा कप ठेवतात. ते कशाला डबे वाचवतील? आणि चावीबाईंच्या ट्रेमध्ये एक सडकं चाक बारा वर्षं चांगल्या चाकांत लोळत होतं. भावजींनी काल त्याचा निकाल लावला." भावजींनी खाली पाहिलं. "राहिलं कोण? ज्यांच्या घरी तडकलेला डबा मेणानं बंद केलेल्या बरणीत खिडकीबाहेर ठेवलेला आहे, ते."

मास्तरांनी निळा डबा आणखी घट्ट धरला.

"तुम्ही मालडबा घेऊन आलात तो बुटांच्या खोक्यात. एका डब्याला एवढं खोकं आणि एवढा कापूस लागत नाही. त्याच कापसाखाली हे मेलेलं इंजिन होतं; मालडबाही आधीच तडकलेला, बरणीतला, म्हणून तो ह्याच्याजवळ ठेवायला तुम्ही भ्याला नाहीत. त्याचे पोपडे अजून त्या खोक्यात असतील. बाई खाली गेल्या ती वीस मिनिटं तुम्हाला आयतीच मिळाली, नाहीतर तुम्ही पुढचा गुरुवार बघितला असता. पडदा ओढलात, म्हणजे बाईंना लगेच दिसू नये. शनिवारी मोजणी आहे हे तुम्हाला माहीत होतं. दोनच दिवसांचा प्रश्न होता. पण दोन दिवससुद्धा त्या निळ्या डब्यांना आजाऱ्याजवळ ठेवायचा तुमचा धीर झाला नाही."

"मी त्याला वाचवलं," मास्तर म्हणाले. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता. "हा मुलगा एकेक गाडी विकून टाकणार होता. आणि ते माझं होतं! मी शोधलं होतं ते. चाळीस वर्षं मी ते काचेतून बघितलं. आणि शेवटी मिळालं कोणाला, तर पितळ पुसणाऱ्या बाईला."

चावीबाई खिडकीपासून हलल्या आणि त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"होय, पितळ पुसणारी. तुम्ही काचेतून बघत होता तेव्हा मी त्याचं पोट उघडून बसलेली असायची. तुम्हाला हवं होतं तर मागायचं होतं, मास्तर. भांडायचं होतं माझ्याशी. मी भांडले असते, पण तुम्हाला चोर नसते म्हणाले. तुम्ही डब्यांची काळजी घेतलीत. माझी घेतली नाहीत. मी आधीच डबे हलवले आणि गप्प बसले, असं ह्याच्या कानात भरवलंत, ते कशासाठी?"

मास्तरांनी खिशातून आपल्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पलंगाखालच्या पेटीत आहे," ते पुटपुटले. "लोकरीत गुंडाळलंय. ओरखडासुद्धा नाही."

पारखी किल्ली घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परतला. चावीबाईंनी लोकर सोडली. हिरवं इंजिन कोवळं चमकत होतं. त्यांनी ते पालथं केलं, पोटात बोट घातलं, बोटाला लागलेलं तेल पाहिलं आणि मग पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला त्यांनी वहिनींचा रुमाल मागितला. तो काळा होता, पण त्यांना चालला.

चिरंजीवांनी माफीचा कागद चुरगळून खिशात घातला. "झालं ते झालं," ते घसा खाकरत म्हणाले. "इंजिन मिळालं. खोली तुमची, गाड्या तुमच्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण हे आता चार भिंतींच्या आत राहू द्या. बाबांचे मित्र आहेत."

"नोंद अखंड म्हणून करतो," पारखी म्हणाला. "बाहेर बोभाटा झाला तर संग्रहाचंही नाव खराब होतं. शिवाय त्यांनी स्वतःहून परत दिलं."

मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बसले होते, एकदम म्हातारे दिसत होते. भावजींचा जीव कळवळला. त्यांना राहवलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "म्हातारा माणूस आहे. सोडा."

चावीबाईंनी इंजिन जागेवर ठेवलं, कपाट लावलं आणि किल्ली फिरवली. मग त्या वळल्या.

"शनिवारपासून माझ्यावर आळ आहे," त्या म्हणाल्या. "मी ह्यांच्याहून फार लहान नाही. तेव्हा एकानं तरी म्हटलं का, म्हातारी बाई आहे, सोडा?"

भावजींना कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटलं. काल सकाळी ह्या बाई दारात उभ्या होत्या, तेव्हा आपण मनात काय म्हणालो होतो, ते त्यांना लख्ख आठवलं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. ह्या वेळी त्या काही सुचवणार नव्हत्या.

"मी तक्रार लिहून देणार आहे," चावीबाई म्हणाल्या. "इंजिनाची नाही, ते आलं परत. माझ्यावर खोटं घातलं त्याची. पुढचं कायद्याला काय करायचं ते करू दे. ह्यांच्या वयाकडे बघायचं तर त्यांनी बघावं, मी बघणार नाही." त्यांनी पदर खोचला. "पोलीस चौकी कुठल्या बाजूला आहे हो? मला कधी जायची वेळच आली नाही."

"बाजाराच्या टोकाला," भावजी म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांच्या आधी ते पुढे झाले आणि त्यांनी दार उघडून धरलं. "मी येतो बरोबर. साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."